उघडल्याची तारीख

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या लिफ्टचं दार बंद झालं की मोबाईलची रेंज जाते. मे महिन्यातल्या एका सकाळी मी त्या लिफ्टमध्ये शिरलो आणि चौथ्या मजल्यावर दार उघडल्याबरोबर फोन खिशात थरथरायला लागला. सुजाताताईचे पाच मिस्ड कॉल. ताई म्हणजे माझा मित्र मिलिंद याची मोठी बहीण, विक्रोळीला राहणारी, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. एरवी तिचा फोन वर्षातून दोनदा येणार, तोही मिलिंदचा लागत नसेल तर. मी पॅसेजमध्येच उभा राहून तिला फोन लावला. "सत्यवान, मिलिंद गेला," ती म्हणाली. आणि मी विचारलं, "कुठे?"

पलीकडे ती रडायला लागली तेव्हा मला कळलं. सकाळी वडिलांना कुशीवर वळवताना मिलिंदच्या छातीत कळ आली, तो पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला तो उठलाच नाही. वय त्रेचाळीस. त्या 'कुठे'ची मला आजही लाज वाटते. मिलिंद नोकरी सोडून दुसरीकडे जाणार, हे भूत दोन-अडीच महिने माझ्या मानगुटीवर बसलं होतं, त्यामुळे 'गेला' म्हटल्यावर मला तेवढं एकच जाणं सुचलं. हे नीट सांगायचं तर आधी मिलिंद सांगावा लागेल, आणि मिलिंद सांगायचा तर फाईली सांगाव्या लागतील. कंटाळा आला तर वाचकांनी माफ करावं, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही.

आम्ही दोघं अकरा वर्षं एका कंपनीत. गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये मालिकांचं, जाहिरातींचं जे शूटिंग होतं, त्याच्या फाईली सांभाळून ठेवणं हा कंपनीचा धंदा. सगळ्याच फाईली महागड्या डिस्कवर ठेवणं परवडत नाही, म्हणून ज्यांना बरेच दिवस कोणी हात लावला नाही त्या टेपवर हलवायच्या, अशी आमची पद्धत. कुठली फाईल शेवटची कधी उघडली गेली हे रोज तपासणारा प्रोग्रॅम मिलिंदने लिहिला होता. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'हजेरी', ताईच्या शाळेतल्या हजेरीपटावरून. संध्याकाळी सात वाजता हजेरी सर्व्हरवरच्या एकेका फाईलपाशी जायची, तिला न उघडता तिची माहिती विचारायची, नोंदवून ठेवायची आणि पुढे सरकायची. नव्वद दिवस जिला कोणी उघडलं नाही तिचं नाव सोमवारच्या यादीत यायचं, समोर दोन पर्याय: 'ठेवा' किंवा 'हलवा'. आमची बसायची खोली सर्व्हररूमच्या काचेला लागून, खिडकी नाही, एसी सोळावर. बाहेर अंधेरी भाजून निघत असायची आणि मिलिंद आत तपकिरी स्वेटर घालून बसलेला. मी म्हणायचो, "अरे, महाबळेश्वरला राहतोस की विक्रोळीला?" तो म्हणायचा, "विक्रोळीला झोपतो. राहतो इथे."

पाचेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच लिफ्टमध्ये अडकलो होतो. दुपारी चारचा सुमार, चहा पिऊन वर येत होतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. मी मुलुंडचा, घर मालवणी, संयमाच्या नावाने बोंब. पहिल्या पाच मिनिटांत मी दारावर लाथा घातल्या आणि वॉचमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मिलिंद मात्र खाली मांडी घालून बसला. "बस रे सत्या. लिफ्टमधून माणूस सुटतोच," तो म्हणाला. "मग सुटत नाही कुठून?" मी विचारलं. त्याने घड्याळ बघितलं. त्याच्या वडिलांना, म्हणजे काकांना, अर्धांगवायू होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दिवसभर त्यांच्याजवळ एक मावशी असायच्या, त्या सहाच्या ठोक्याला निघायच्या. ताईची शाळा सुटून ती घरी यायला सात वाजायचे. मधला एक तास मिलिंदचा. तो सहाला घरी नसेल तर काका एकटे, आणि एकटे म्हणजे पाणीही मागता येत नाही, कारण बोलणं गेलेलं. लिफ्टची त्याला भीती नव्हती. त्याला त्या एका तासाची भीती होती.

"काहीतरी बोल यार, नाहीतर मला वेड लागेल," मी म्हणालो. त्याने मोबाईलचा टॉर्च लावला आणि खिशातून काकांच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "ही गोळी कसली आहे हे कळायला खाऊन बघावी लागते का? मागे वाच. कधी बनली, कधीपर्यंत चालेल, कोणी बनवली. फाईलचं पण तसंच. आत काय लिहिलंय ते वेगळं आणि तिच्याबद्दलची माहिती वेगळी. ती माहिती विचारायला फाईल उघडायची गरजच नाही." मग त्या उकाड्यात त्याने मला सगळं सांगितलं. फाईलचा आकार किती, मालक कोण, वाचायची परवानगी कोणाला, लिहायची कोणाला. आणि तारखा तीन: जन्माची, शेवटची सुधारल्याची, शेवटची उघडल्याची. "यातली तिसरी सगळ्यात नाजूक," तो म्हणाला. "तू उगाच बघायला म्हणून उघडलीस, तरी ती बदलते. मग आधीचं खरं कळायचा रस्ताच बंद. म्हणून विचार, उघडू नको."

'विचार, उघडू नको' हे त्याचं पालुपदच होतं. "म्हणजे चुगलखोर आहे रे तुझी हजेरी," मी म्हटलं. "चुगली नाही करत. विचारलं तरच सांगते," तो म्हणाला. दीड तास आम्ही तिथे होतो. त्या दीड तासात मी निदान दहा वेळा म्हणालो असेन, "इथून सुटलो ना मिल्या, की पहिली ही कंपनी सोडतो. अख्खा जन्म चालला थंडीत." हे वाक्य मी लिफ्टच्या आधीही म्हणायचो, नंतरही म्हणत राहिलो. मला ती शिंकेसारखी सवय लागली होती. मिलिंद मात्र दर वेळी ते लक्ष देऊन ऐकायचा, हे मला आत्ता कळतंय. साडेपाचला वीज आली, दार उघडलं, आणि मिलिंद माझ्याकडे न बघता जिन्याने धावत खाली गेला. अंधेरीहून विक्रोळीला अर्ध्या तासात पोचणं कोणालाच शक्य नव्हतं.

हजेरी ज्या भाषेत लिहिली होती तिचं नाव रस्ट. मी तिला 'गंज'च म्हणायचो. ही भाषा आमच्या आईसारखी आहे, एकेक गोष्ट चार वेळा विचारून घेते. तुम्ही म्हणालात, या फाईलची माहिती आण, की ती म्हणणार, आणते, पण नाही मिळाली तर काय करू? ते आधी सांगा. फाईल तिथे नसली तर? परवानगी नसली तर? तारीखच नोंदलेली नसली तर? याला एक पळवाटही आहे, तिला 'अनरॅप' म्हणतात. तिचा अर्थ, उत्तर मिळणारच असं धरून चाल. नाही मिळालं तर प्रोग्रॅम जागच्या जागी बंद. मला ही पळवाट फार प्रिय. मिलिंद माझा कोड वाचताना तिथे बोट ठेवायचा. "मिळणारच असं कशावरून धरलंस?" "आजपर्यंत मिळालंय ना!" मी म्हणायचो. "आजपर्यंत," तो म्हणायचा आणि पुढे वाचायला लागायचा.

व्हायचं ते झालंच. गोरेगावच्या एका स्टुडिओची जुनी डिस्क आली, आणि तिच्यावर फाईलींच्या जन्मतारखाच नोंदलेल्या नव्हत्या. माझा प्रोग्रॅम तीन तास चालला, पहिल्याच तसल्या फाईलशी कोसळला, वर तीन तासांचं कामही घेऊन गेला. साफ वाट लागली. मिलिंद रागावला नाही. डिस्ककडे बघून म्हणाला, "ही आमच्या बाबांसारखी आहे." त्याच्या वडिलांचा जन्म गावी झाला, तारीख कोणाला आठवत नव्हती, म्हणून शाळेत घालताना मास्तरांनी एक जून टाकली. त्यांच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनचीच. माझे दोन्ही काका एक जूनचे. मिलिंदने मग माझा कोड दुरुस्त केला: जन्मतारीख मिळाली नाही तर एक जून. त्या तुकड्याचं नावही त्याने 'एक_जून' असंच ठेवलं. पुढे त्या स्टुडिओतून फोन आला, आमचं सगळं शूटिंग एकाच दिवशी कसं काय झालं, आणि तेही एक जूनला? आमचे साहेब संतापले. मिलिंद शांतपणे म्हणाला, "सर, जन्म माहीत नसला तरी शाळेत तर घालायलाच लागतं." साहेब मराठी असल्यामुळे त्यांना हसू आलं आणि प्रकरण मिटलं.

त्याच्या घरी मी अकरा वर्षांत दहा-बारा वेळा गेलो असेन. खोली आणि स्वयंपाकघर, बस्स. खोलीत काकांचा लोखंडी पलंग, पलंगाला लागून लाकडी खुर्ची, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि उरलेल्या जागेत अंथरूण घातलं की दार पूर्ण उघडायचं नाही. काका पूर्वी विक्रोळीच्याच एका कारखान्यात फिटर होते. आता त्यांचा उजवा हात तेवढा चालायचा. काही हवं असलं की ते चमच्याने पलंगाच्या दांड्यावर वाजवायचे. एकदा वाजवलं तर पाणी, दोनदा तर कूस, आणि सारखं वाजवत राहिले तर कोणीतरी जवळ बसा. हा तिसरा आवाज आला की मिलिंद बोलता बोलता उठायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचा. वडिलांशी काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. मांडीवर लॅपटॉप घेऊन तिथे काम करायचा. त्याला पुण्याहून, बंगळुरूहून बोलावणी यायची, कारण या भाषेतलं त्याच्याइतकं नेमकं काम करणारी माणसं थोडी. तो सगळ्यांना नाही म्हणायचा. मी एकदा विचारलं, "तुला नाही वाटत सुटावंसं?" तो म्हणाला, "मला वाटून काय उपयोग? चमचा बाबांच्या हातात आहे."

आता माझ्यावर येतो. होळीच्या आठवड्यात एका दुपारी मी चहा घेऊन खोलीत शिरत होतो, मिलिंद फोनवर होता. "नोटीस दोन महिन्यांची आहे… नाही, घरची तशी अडचण नाही… हो हो, पुण्याला यायला तयार होईल." मी दारातच थांबलो. माझ्या डोक्यात एकच घंटा वाजली: हा चालला. मिलिंद गेला की ही हजेरी, हे टेप, साहेबांचे रविवारचे फोन, सगळं माझ्या गळ्यात. माझं सुटणं तर कायमचं बोंबललं. 'घरची अडचण नाही' असं मिलिंद कसं म्हणेल, आणि स्वतःबद्दल बोलताना माणूस 'तयार होईल' कशाला म्हणेल, हे मला सुचलं नाही. भीती वाटायला लागली की माणूस व्याकरण ऐकत नाही. त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "सत्या, तुझ्या फोल्डरमध्ये एक फाईल टाकलीय. 'वाच' नावाची. वाचून सांग, मगच पुढे पाठवतो." मला वाटलं, राजीनामा. ती मी उघडली नाही. उघडली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं, अभिनंदन तरी करावं लागलं असतं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "वाचलंस?" मी म्हणालो, "वाचलं रे. झकास लिहिलंयस. पण थांब जरा. घाईत पाठवू नको."

न वाचता मी त्याला थांबवलं. हे वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले आहेत.

दुसऱ्या दिवशी मिलिंदने विचारलं, "नक्की वाचलंस?" "वाचलं म्हणजे वाचलं. शाळेत आहे का मी?" तो हसला आणि म्हणाला, "हजेरी लागली नाही तुझी." मी त्या दिवशी पाऊण तास उशिरा आलो होतो. मला वाटलं, दारावरच्या मशीनवर बोट ठेवायचं राहिलं, त्याबद्दल बोलतोय. मी खरंच उठून दाराशी गेलो आणि बोट ठेवून आलो! तो बघत होता. एप्रिलमध्ये पुन्हा एकदा म्हणाला, "ते परत एकदा वाच ना, थोडं वाढवलंय." मी म्हणालो, "हो, बघतो." त्यानंतर त्याने विषय काढला नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाण्याचा ग्लास पुढे केला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तूच आमचा मिलिंद." ज्याला मी इतका घाबरत होतो तेच झालं, फक्त तो पुण्याला न जाता झालं. हजेरीच्या नोंदी आता मला येतात, टेप माझ्याकडे, रविवारचे फोन मला. त्या खोलीत आता मी एकटा. त्याचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर अजून तसाच आहे. मला थंडी वाजते, पण तो अंगात घालायची हिंमत होत नाही.

एक जूनला ताईचा फोन आला. "बाबांचा एक जून आहे. मिलिंद दर वर्षी शिरा करायचा. मी केलाय. ये." मी गेलो. ताईच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, ती संपली की ती बिनपगारी रजा घेणार होती. मिलिंदच्या खुर्चीत आता ती बसत होती. काकांना मुलगा गेल्याचं कळलं होतं की नाही, सांगता येत नव्हतं. चमचा सारखा वाजत होता. ताईने काकांना दोन घास भरवले, मला बशी दिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "सत्यवान, मिलिंदने तुला ते लिहून दिलं होतं, ते वाचलंस ना रे? तो फार वाट बघत होता." घास माझ्या तोंडात होता. मी मान हलवली. मग तेवढ्याने भागेना म्हणून म्हणालो, "हो ताई, वाचलं." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काकांकडे वळली. चमचा वाजतच होता. मी शिरा कसाबसा संपवला आणि निघालो.

त्यानंतरच्या सोमवारी हजेरीची यादी आली. नव्वद दिवस न उघडलेल्या फाईली, नेहमीप्रमाणे हजारभर: कुठल्या मालिकेचे जुने भाग, साबणाच्या जाहिराती. शेवटच्या पानावर माझ्या फोल्डरमधली एक फाईल. नाव 'वाच'. मालक मिलिंद. उघडल्याची तारीख: जन्माचीच. समोर दोन पर्याय, 'ठेवा' किंवा 'हलवा'. मी त्या ओळीकडे बघत राहिलो, आणि मला 'हजेरी लागली नाही तुझी' या वाक्याचा अर्थ लागला. हजेरीची नोंद रोज त्यालाच यायची. मी 'झकास लिहिलंयस' म्हणालो त्या संध्याकाळीही आली असणार, फाईल न उघडलेली दाखवत. दुसऱ्या दिवशी तो मला 'नक्की?' असं विचारत नव्हताच. मला परत फिरायला जागा देत होता.

मी ती लगेच उघडली नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण आता दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. दिवसभर मी तिला नुसतं विचारत बसलो. आकार किती? परवानगी कोणाला? दोघांनाच, त्याला आणि मला. मग हजेरीच्या जुन्या नोंदी काढल्या आणि त्या फाईलचा एकेक दिवस बघितला. होळीच्या आठवड्यात ती जेवढी होती त्याहून चार दिवसांनी थोडी मोठी झालेली. एप्रिलमध्ये आणखी. आणि शेवटची सुधारल्याची तारीख… तो जायच्या दोन दिवस आधीची. तो आपल्याकडच्या प्रतीत भर घालायचा आणि माझ्या फोल्डरमधल्या फाईलवर टाकायचा, त्यामुळे सुधारल्याची तारीख पुढे सरकत गेली आणि उघडल्याची तिथेच थांबली. अडीच महिने तो त्या बंद दाराबाहेरून काहीतरी वाढवत होता, आणि मी आत बसून त्याच्याच हातचा चहा पीत होतो. संध्याकाळी सातच्या आत मी ती उघडली. सातला हजेरी येणार होती आणि तिला मी परत एकदा गैरहजर सापडायला नको होतो.

तो राजीनामा नव्हता. पुण्याच्या एका कंपनीला इंग्रजीत लिहिलेलं पत्र होतं, माझी शिफारस करणारं. माझ्या कामाबद्दल त्यात जे लिहिलं होतं ते इथे सांगायला मला तोंड नाही. एवढंच सांगतो की स्टुडिओच्या डिस्कवर माझा प्रोग्रॅम कोसळला तो प्रसंगही त्यात होता, आणि तो वाचून मी शहाणा वाटत होतो. पत्राच्या वर मराठीत चार ओळी, माझ्यासाठी. "सत्या, त्यांना मी हवा होतो, मी तुझं नाव सांगितलंय. खाली तुझ्याबद्दल लिहिलंय, जास्त झालं असेल तर काप. तुला न विचारता तुझं नाव लेखी देणं बरं नाही, म्हणून थांबलोय. आपल्यातला एक तरी सुटू दे." त्याखाली नंतर वाढवलेलं. "थांब म्हणालास म्हणून थांबलोय. पण वाचून थांब म्हण." त्याखाली एप्रिलमधलं. "त्यांचा परत फोन आला होता. मी सांगितलं, माणूस चांगला आहे, उत्तर द्यायला वेळ लावतो." आणि सगळ्यात खाली, तो जायच्या दोन दिवस आधीचं. "मेअखेरपर्यंत जागा ठेवतो म्हणालेत. लिफ्टमध्ये काय म्हणाला होतास, आठवतं ना? वाच रे."

मला त्याचा राग आला. अजूनही येतो. मेल्या, तोंड होतं ना तुला? दीड फुटावर बसत होतास. 'सत्या, तू खोटं बोलतोयस' एवढं म्हणायला काय झालं होतं? पण मिलिंदला ते जमलंच नसतं. माझं खोटं पकडलंय हे मला कळू नये, म्हणून तो अडीच महिने ओळी वाढवत बसला. दुसऱ्याला उघडायचं नाही, बाहेरून विचारायचं, हा त्याचा नियम फाईलींपुरता नव्हता. आणि मी मात्र आयुष्यभर अनरॅप करत आलो. मिलिंद आहे, उद्याही असणारच, असं धरून चाललो. त्या पुण्याच्या कंपनीला मी फोन केला नाही. जून लागला होता.

पुढच्या रविवारी विक्रोळीला जाऊन ताईला सांगितलं. ती खुर्चीत होती, मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. "ताई, एक जूनला मी खोटं बोललो. मी वाचलं नव्हतं." ताई म्हणाली, "मला माहीत होतं." "कसं?" "मिलिंदने सांगितलं होतं मला. म्हणाला, वाचलं नाही अजून त्याने, पण वाचेल. त्या दिवशी मला वाटलं, वाचलं असशील एव्हाना. पण वीस वर्षं हजेरी घेतेय रे. खरं 'हजर' आणि खोटं 'हजर' कळतं मला." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तो बोलला नाही, मी कशाला बोलू?" मग मी रडलो. काका चमचा वाजवायला लागले, थांबेचनात. ताई उठली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बस. तो आवाज बसण्यासाठी आहे." ती चहा टाकायला आत गेली. मी बसलो. चमचा हळूहळू थांबला. आता रविवारी सकाळी ताई बाजारहाट करते आणि मी त्या खुर्चीत असतो. साहेबांचा फोन येतो, तो मी तिथूनच घेतो.

पत्राची एक प्रत ताईला छापून दिली. सर्व्हरवरची फाईल मी त्यानंतर उघडलेली नाही. पुढच्या सोमवारच्या यादीत ती नव्हती. तिची हजेरी लागली होती. पण नव्वद दिवस कोणी हात लावला नाही की नियमाने ती परत येईल. गणपतीच्या सुमाराला असाच एक सोमवार असेल, मी त्या थंड खोलीत असेन, आणि यादीत एक ओळ येईल: नाव 'वाच', मालक मिलिंद. समोर दोन पर्याय असतील. मी 'ठेवा' म्हणेन. पण आधी वाचेन.